धनराजचे सहा डबे

धनराज हा आमच्या शेजारच्या गुणवंतरावांचा धाकटा मुलगा. आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याला जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात. थोरला मुलगा बल्लारशाला नोकरीला आहे आणि त्याचं नाव गुणवंतराव दिवसातून कितीदा घेतात याला हिशेब नाही. धाकट्याला ते "भोंगं", म्हणजे बावळट, म्हणतात. चार माणसांत म्हणतात, पाहुण्यांसमोर म्हणतात. त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हासुद्धा मुलीच्या बापाला म्हणाले, "आमचं हे भोंगं. कान पकडून कुठी बसवा, बसते." मुलीकडचे हसले. धनराजही हसला. त्याला सवय होती.

तो शाळेत होता तेव्हाची गोष्ट आहे. कुठल्या तरी लग्नघरातून त्याने मोडका ट्रान्झिस्टर आणला आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त केला. गुणवंतराव शेतातून आले तर घरात गाणं चालू. त्यांनी तो उचलला, विहिरीत टाकला आणि पोराची मान धरून त्याला विहिरीच्या कठड्यावर वाकवलं. "आयक आता. कोणतं गाणं लागलं ते सांग." पोरगं खरंच कान देऊन ऐकत राहिलं. आम्ही बाया पाणी भरत होतो. काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर तो आमच्या सपरीत येऊन बसू लागला. घराच्या पुढच्या बाजूला आमची ती मोठी सपरी आहे, एका कोपऱ्यात माझं देवघर, दुसऱ्या कोपऱ्यात धनराजच्या तारा आणि पेट्या. त्याच्या झाळणाचा धूर आणि माझ्या उदबत्तीचा धूर एकमेकांत मिसळायचा. माझ्या मालकांनी कधी हरकत घेतली नाही. पोथी वाचताना मला त्याचा त्रास झाला नाही, कारण तो बोलतच नसे.

त्याला बोलायला शिकवलं ते जलालुद्दीननी. हे जलालुद्दीन सिरोंच्याचे. तिथे त्यांचं बॅटऱ्या आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान, घरी बायको जरीना. मूलबाळ नव्हतं. त्यांच्याकडे हॅम रेडिओचं लायसन होतं, म्हणजे सरकारची परवानगी घेऊन स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या गावच्या हौशी माणसाशी बोलायचं. धनराजनं त्यांच्या हाताखाली परीक्षेची तयारी केली, पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला. नापास झाला तेव्हा गुणवंतरावांनी गावात पेढे वाटायला काढले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मागे घ्यायला लावले. त्या सगळ्या काळात त्याला "धनराजभाई" म्हणणारा एकच माणूस होता.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की मोबाईल मरतो. नाल्यांना पूर आला की सिरोंच्याकडचा रस्ता तुटतो आणि नदीकाठची गावं कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, कोणाला कळत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या हॅमवाल्यांनी परवानगी काढून आमच्याकडच्या एखाद्या टेकडीवर रिपीटर बसवायचं ठरवलं. खालच्या माणसाच्या हातातला सेट छोटा, त्याचा आवाज लांब पोचत नाही. टेकडीवरचं मशीन तो बारीक आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्या आवाजात चारी दिशांना सांगतं. काम धनराज आणि जलालुद्दीनकडे आलं.

मी विचारलं, "एवढ्यासाठी ते तांब्याचे सहा नळकांडे काऊन लागतात रे?" कारण तो सगळा उन्हाळा त्या दोघांनी माझ्या सपरीत तांब्याचे जाड पाईप कापण्यात घालवला होता. एकेक डबा माझ्या कमरेएवढा उंच, वरून बंद, आणि टोपणातून आत गेलेली एक दांडी.

धनराज म्हणाला, "काकू, तुम्ही आरती म्हणता ना खड्या आवाजात? तेव्हा मागच्या दारातून कोणी हळूच हाक मारली तर आयकू येते का?"

"नाही येत."

"मशीनचं तेच. तिले एकाच वेळी आरतीही म्हणायची आहे आणि मागच्या दारातली हाकही आयकायची आहे. एरियल एकच. तिचा स्वतःचाच आवाज तिच्या कानात शिरते आणि ती बहिरी होते. हे डबे मधात ठेवले की तीन डबे कानाच्या बाजूनं तिचा आवाज गाळून टाकते, तीन तोंडाच्या बाजूनं तिची खरखर गाळते. दांडी केसभर वर-खाली झाली तरी गाळणं गेलं."

जलालुद्दीन बाजूला बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "बाई, सगळ्यांच्याच घरात असे डबे पाहिजे होते." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. धनराजनं दांड्या जुळवायला किती दिवस घेतले ते मी मोजलं नाही. जुळल्यावर त्यानं वरचे नट कसले आणि ते पुन्हा फिरू नयेत म्हणून उर्वशीची लाल नेलपॉलिश प्रत्येक नटावर लावली. उर्वशी म्हणजे त्याची बायको, माहेर मूल गावचं. ती म्हणाली, "माह्यासाठी आणली होती ना जी? नखाले एक बोटही नाई लागलं." तो म्हणाला, "दुसरी आणतो." आणली नाही.

जागा मात्र बापाकडे मागावी लागली. गावाबाहेर माता माय या देवीची टेकडी आहे, तिच्या ठाण्यामागे एक पक्की खोली, आणि देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गुणवंतराव. त्यांनी सगळ्यांसमोर त्याला विचारायला लावलं. तीनदा विचारायला लावलं, "मोठ्यानं बोल, भोंग्या," म्हणून. मग अट घातली.

"खोली मायची आहे. तिथी जे भांडं राह्यन, ते आखाडीले घासलं गेलं पाह्यजे."

"ते भांडे नाई, बाबा."

"तांब्याचे आहे ना? मग भांडेच. आणि त्या जलालुद्दीनचे हात लागले त्याले. मायजवळ तसेच ठेवाचे का?"

जलालुद्दीन तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मालक, हात तर धुतले होते." कोणी हसलं नाही. धनराजनं मान हलवली आणि जागा मिळाली. त्याच्या मनात होतं की आखाडीच्या आधी खोलीला कुलूप लावून टाकू. कुलूप त्यानं लावलंही. पण खोलीची दुसरी किल्ली बापाच्या करगोट्याला होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

रिपीटर सुरू झाला आणि फार चांगला चालला. नदीच्या खालच्या अंगाला उभा राहून जलालुद्दीन हातातल्या सेटवरून हळू आवाजात बोलायचे आणि माझ्या सपरीतल्या पेटीतून शेजारी बसल्यासारखे ऐकू यायचे. धनराज त्या दिवसांत जेवताना गुणगुणायचा, असं उर्वशीनं मला सांगितलं.

आता आखाडीचं सांगते. आषाढात पेरण्या झाल्या की माता मायची पूजा होते. आदल्या दिवशी सुना मिळून मायची भांडी घासतात आणि दुसऱ्या दिवशी गाव बांधतात. माझे गुडघे धरले होते म्हणून मी टेकडीवर गेले नव्हते. तिथे काय झालं ते उर्वशीनं नंतर मला शब्दानं शब्द सांगितलं.

मायची समई, तांबे, परात घासून झाल्यावर गुणवंतरावांनी खोली उघडली आणि तिला म्हणाले, "हे पण."

ती म्हणाली, "मामंजी, त्याइनं हात लावू नोको म्हटलं आहे."

"माय मोठी का त्याचे डबे मोठे?"

 तेवढ्यात त्यांना नटावरची लाली दिसली. "हे काय? नेलपॉलिश? मायच्या खोलीत? हे देवीचं ठाणं आहे का तुह्या बापाचं ब्युटी पार्लर?" बाकीच्या सुना हसल्या. उर्वशीनं चिंच आणि मीठ घेतलं आणि एकेक डबा घासायला लागली. ते समोर उभे राहून बघत होते. लाली चमच्यानं खरवडायला लावली. खरवडताना नट फिरले. तिनं घाबरून ते होते तसे करायचा प्रयत्न केला, पण होते तसे म्हणजे कसे, हे तिला कसं कळणार? गुणवंतरावांनी दांडी हलवून बघितली. "सैल आहे. कस. काम करावं तं नीट करावं." आमच्याकडे सून म्हणजे डब्याचं झाकण घट्ट लावणारी, सैल काही ठेवायचं नाही. तिनं दांड्या आत दाबून नट पुरे पिळले. तीन डबे झाले तेवढ्यात खालून डफड्याचा आवाज आला आणि सगळे उठले. झालेले तीन डबे नेमके कानाच्या बाजूचे होते.

संध्याकाळी धनराजनं सपरीतून मशीन तपासलं. गावातूनच बोलला, जवळून, मोठ्या सेटवरून. आवाज खणखणीत परत आला. उर्वशी दारात उभी होती. तिनं विचारलं, "बरोबर चालते ना?"

"एक नंबर."

तिचा जीव भांड्यात पडला आणि ती काही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही, कारण कुलूप लावलेलं होतं.

पाऊस तीन-चार दिवसांपासून होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट नव्हती, मोबाईल बंद होते, फक्त बॅटरीवरचं मशीन आणि पेटी चालू होती, आणि नदी फुगल्याची बातमी होती. जलालुद्दीन मदतीच्या कामासाठी नदीकाठच्या गावांकडे गेलेले होते, हे धनराजला माहीत होतं. तहसीलच्या बोटी घाटावर तयार उभ्या होत्या आणि कोण कुठे अडकलं ते धनराजनं ऐकून त्यांना कळवायचं, असं ठरलेलं होतं. तो आंघोळसुद्धा न करता सपरीत बसला होता. मी पूजा आटोपून जप करत होते.

पेटीतून टक् टक् टक् असा आवाज यायला लागला. मधूनच माणसाच्या आवाजाचा तुकडा, भाकरीच्या कुटक्याएवढा, आणि पुन्हा टक्.

धनराज उभा राहिला. मी म्हटलं, "काय झालं रे?"

"कोणी तरी दुरून बोलून राह्यला, काकू. मशीन त्याले आयकते, सांगाले तोंड उघडते, आणि तोंड उघडलं की बहिरी होते. मग चूप बसते. चूप बसली की पुन्हा आयकते. काल मी जवळून बोललो म्हणून समजलं नाई." त्याचा चेहरा पांढरा पडला. "डबे हलले. कोणी हलवले?"

उर्वशी त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामंजीनं घासाले लावले. मी घासले."

 त्याच वेळी पेटीतून एक तुकडा जरा मोठा आला. "…राजभाई…" मग टक् टक् टक्. धनराजला तसं हाक मारणारा जगात एकच होता. त्यानं हातातला छोटा सेट उचलला आणि पळत सुटला.

पण त्या दिवशी गाव बांधत होते. भूमक, म्हणजे गावचा पुजारी, सुकलू शिवेवरून फिरतो, चार बाजूंना खिळे ठोकतो, आणि तो फिरून येऊन डफडं वाजेपर्यंत गावातला माणूस शीव ओलांडत नाही. रोगराई बाहेर राहावी म्हणून हे असतं. माझी त्यावर श्रद्धा आहे, आजही आहे. मायची टेकडी शिवेच्या पलीकडे पडते. शीव आमच्या सपरीतून दिसते, म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. गुणवंतराव काठी आडवी धरून उभे होते.

"कुठी?"

"टेकडीवर. जलालभाई पाण्यात अडकले."

"कोण सांगते?"

"सेटवर आवाज येऊन राह्यला."

"काय म्हणते?"

"समजून नाई राह्यलं. तुटून येते."

गुणवंतराव लोकांकडे वळले. "आयका रे. काय बोलते ते समजून नाई राह्यलं, पण बुडून राह्यला हे समजलं." माणसं हसली.

सुकलू खिळा हातात घेऊन थांबला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या जी भाऊ. मानसाचा जीव हाय. मायले मी सांगतो. माय काई म्हणत नाई."

"तू खिळा ठोक. अध्यक्ष मी आहो." मग पोराकडे वळून, "त्या सिरोंच्याच्या मियासाठी गावात पटकी आणतं का बे? पाय टाकून तं पाह्य."

धनराजनं हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसानं लोकांसमोर, भर चिखलात, बापापुढे हात जोडले. गुणवंतरावांनी त्याला जोडलेल्या हातांवर काठी मारली. मग पुन्हा मारली. कोणी मधे पडलं नाही. किती वेळ हे चाललं मी सांगू शकत नाही. माझ्या मागे पेटी टक् टक् करत होती आणि ती टकटक हळूहळू विरळ होत चालली होती. शेवटी धनराजनं बापाला ढकललं. गुणवंतराव चिखलात बसले, धोतरासकट. लोक पुन्हा हसले, या वेळी त्यांच्यावर. धनराज शीव ओलांडून पळाला. मागून कोणी तरी ढेकूळ मारलं, ते त्याच्या पाठीत लागलं.

उर्वशी आणि मी पेटीजवळ बसलो. बऱ्याच वेळानं टकटक थांबली. धनराजनं वर जाऊन मशीनचं बोलणं बंद केलं होतं आणि एरियलची तार डब्यांतून काढून सरळ ऐकणाऱ्या पेटीला लावली होती, हे त्यानं नंतर सांगितलं. म्हणजे आता त्याला जलालुद्दीन ऐकू येणार होते, आम्हाला नाही. आम्हाला फक्त टेकडीच्या उंचीवरून खाली पोचणारा धनराजच्या हातातल्या सेटचा आवाज येणार होता.

तो आला.

"जलालभाई, जलालभाई, धनराज बोलून राह्यलो. माझा आवाज कसा येते? सांगा."

या रेडिओवाल्यांची एक रीत आहे. कोणी कोणाला भेटलं की पहिल्यांदा सांगायचं की तुमचा आवाज मला कसा येतो. दोन आकडे. पहिला शब्द किती स्पष्ट त्याचा, दुसरा जोर किती त्याचा. पाच-नऊ म्हणजे दोन्ही पुरे. मग बाकीचं बोलणं. जलालुद्दीननीच हे त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. आपण जसं दारात आलेल्याला आधी पाणी देतो आणि मग काम विचारतो, तसं त्यांचं ते.

पेटी गप्प होती. तिकडे जलालुद्दीन काही तरी सांगत असणार. मग धनराजचा आवाज आला, घाईचा. "बरोबर. कुठी आहा? ठिकाण सांगा."

गप्प.

"जलालभाई, ठिकाण सांगा."

गप्प.

"ठिकाण, जलालभाई. फक्त गावाचं नाव सांगा. शेताचं नाव सांगा."

तो थांबला नाही. दुपार सरेपर्यंत तो ठिकाण विचारत होता. आम्ही दोघी ऐकत होतो. खाली डफडं वाजलं, गाव बांधून झालं, लोक नारळ फोडून घरी गेले. उर्वशी एकदाच बोलली. "ठिकाण पह्यले काऊन नाई विचारलं त्याइनं?" माझी जपमाळ मण्यावर अडून राहिली होती. उत्तर तिलाही माहीत होतं.

अंधार पडायच्या आत तो आला. हात सुजलेले, पाठीला चिखल. सपरीच्या पायरीवर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाच-नऊ म्हणाले, काकू. 'धनराजभाई, पाच-नऊ, एकदम साफ.' आणि बॅटरी गेली." उर्वशी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे उभी होती. तो मागे वळला नाही.

पाणी उतरलं तेव्हा जलालुद्दीन सापडले. एका शेतातल्या गोठ्याच्या आढ्याला त्यांनी स्वतःला दुपट्ट्यानं बांधून घेतलं होतं. गळ्यात सेट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडा. तहसीलच्या बोटी ज्या घाटावर उभ्या होत्या तिथून तो गोठा फार लांब नव्हता. कोणी नाव सांगितलं असतं तर गेले असते.

गावानं दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं की उर्वशीनं माणूस मारला. गुणवंतराव चावडीवर म्हणाले, "मी घास म्हटलं होतं. पिळ म्हटलं होतं का?" तिथे असलेल्या सुनांनी हे ऐकलं आणि खाली पाहिलं. विहिरीवर बायकांची मजा सुरू झाली. "उर्वशी, आमच्या म्हाताऱ्याचाही डबा घासून देतं का वो? लय दिवस झाले, जात नाई." हसताना त्यांच्या घागरी हिंदकळायच्या. मी तिथे दोघींना झापलं, तर म्हणाल्या, "काकू, तुमच्या सपरीतूनच निघालं हे सगळं."

मायचा यात काही दोष नाही. मायनं कोणाला घास म्हटलं नाही आणि कोणाला अडवलं नाही. सुकलूनं तर सांगितलंच होतं. हे मी देवासमोर बसून म्हणते.

आणि धनराज? लोक त्याच्यासमोर त्याच्या बायकोला बोलायचे आणि तो ऐकून घ्यायचा. त्यानं टेकडीवर आधी काय विचारलं, हे त्याच्याखेरीज आम्हा दोघींना माहीत होतं. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. उर्वशीच्या अंगावर सगळं पडत होतं आणि त्याला ते पडू द्यायला सोपं जात होतं.

रस्ता सुरू झाल्यावर जरीना आल्या. सिरोंच्याहून एसटीनं, एकट्या. गुणवंतरावांनी त्यांना अंगणात खाट टाकून दिली, घरात घेतलं नाही. मी कुंपणाजवळ जाऊन उभी राहिले, मग आतच गेले. जरीना शांत होत्या. त्यांनी धनराजला म्हटलं, "मी भांडाले नाई आली, धनराजभाई. ते घरी फक्त तुमचंच नाव घेत. मले एवढंच सांगा, आखरीले ते काय बोलले?"

धनराज उभा होता. त्यानं जमिनीकडे पाहिलं. "काही आयकू नाई आलं, भाभी. मशीनचे डबे बिघडले होते."

"कोणी बिघडवले?"

"हे काय," गुणवंतराव म्हणाले आणि हनुवटीनं दाखवलं. उर्वशी चहाचा ट्रे घेऊन दारातून येत होती. "आमची लक्ष्मी. घासून चकाचक केले."

जरीनांनी धनराजकडेच पाहिलं. "खरं काय?"

"हो," धनराज म्हणाला. "हिनं."

उर्वशीनं ट्रे खाली ठेवला. एकही कप हलला नाही. पदर नीट केला आणि नवऱ्याला म्हणाली, "पाच-नऊ म्हणजे काय असते जी? सांगा ना भाभीले."

अंगणात कोणाला काही कळलं नाही. गुणवंतराव म्हणाले, "काय बडबडते?" पण जरीना ताठ झाल्या.

"पाच-नऊ मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सालन चांगलं झालं की ते ताटावर बसून पाच-नऊ म्हणत." मग थांबल्या. "म्हणजे ते बोलले. तुमच्याशी बोलले."

धनराज एक पाऊल मागे सरला.

"आणि तुमचा आवाज कसा येते, ते बोलले. तुम्ही तेच विचारलं होतं?"

"रीत आहे, भाभी," धनराज म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जेमतेम ऐकू आला. "तोंडातून तेच निघालं. बॅटरी संपून राह्यली हे मले…"

"कुठी आहा, हे नाई निघालं?"

तो रडायला लागला. जरीनांनी त्याला रडू दिलं. हात लावला नाही, थांब म्हटलं नाही. चहा तसाच ठेवून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझा माणूस बुडता बुडता तुमचा आवाज तपासून गेला. पुरे मार्क देऊन गेला. संभाळून ठेवा." जाताना उर्वशीच्या समोरून गेल्या, तिच्याकडे नीट बघितलं, आणि तिलाही सोडलं नाही. "आणि तू. तुले हे मालूम होतं तं सांगाले चहा बनेपर्यंत काऊन थांबली?"

एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांना सोडायला मीच गेले. 

मी परत आले तोवर गुणवंतरावांनी उर्वशीचे कपडे अंगणात आणून टाकले होते. नवऱ्याची अब्रू परक्या बाईसमोर काढली म्हणून. तिनं ते एकेक करून घडी घालून पिशवीत भरले. माहेरी धाडायचं म्हणून तिला चंद्रपूरच्या गाडीत बसवायला धनराज गेला. पिशवी त्यानंच उचलली, दुसऱ्या हातात छत्री धरली, तिच्या डोक्यावर पाऊस पडू दिला नाही. गाडी आली, ती चढली, त्यानं पिशवी वर दिली आणि परत आला. एवढंच.

नंतर तो टेकडीवर गेला आणि डबे पुन्हा जुळवले. हल्ली आठवड्यातून दोनदा जातो. गुणवंतराव आता त्याला भोंगं म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत, कारण जिल्ह्याचे लोक मशीन बघायला येतात आणि अध्यक्ष म्हणून त्यांच्याशीच बोलतात. मशीन खरंच चांगलं चालतं. परवा नदीपलीकडून कोणी तरी पुटपुटल्यासारखं बोललं, तेसुद्धा माझ्या सपरीत स्वच्छ आलं. त्या माणसानं विचारलं, "माझा आवाज कसा येतोय?" धनराजनं आधी त्याचं ठिकाण विचारलं, ते लिहून घेतलं, मग आकडे सांगितले.

मंगळवारी मायचा प्रसाद घेऊन मी सपरीत गेले. तो वाकून कुठली तरी तार डागत होता. मी म्हटलं, "उर्वशीले केव्हा आणतोस रे?"

त्यानं डोकं वर केलं नाही. "बाबा म्हणतील तेव्हा, काकू."

ज्यानं एका माणसासाठी बापाला चिखलात बसवलं, तो हे बोलला. मी प्रसादाची वाटी तशीच उचलली आणि आत घेऊन गेले.